नाताळसाठी चॉकलेटची पापडी

नाताळच्या फराळाच्या ताटात यंदा पेपरमिंट घातलेली चॉकलेटची पापडी ठेवून बघा. पाव किलो कंपाउंड चॉकलेट बारीक चिरा. पातेल्यात पाणी गरम करा, गॅस बंद करा, वर कोरडं भांडं ठेवून त्यात ते वितळवा. पाण्याचा थेंब किंवा वाफ आत गेली, की चॉकलेट गुठळ्या होऊन आवळतं, पैसे वाया! म्हणूनच ओला पुदिना नको. पेपरमिंटच्या कडक गोळ्या जाडसर कुटा. बटर पेपरवर चॉकलेट पातळ पसरून लगेच गोळ्या पेरा. आपल्याकडच्या डिसेंबरच्या गारठ्यात ते बाहेरच घट्ट होतं; फ्रिजच्या ओलाव्याने उलट गोळ्या पाघळतात. मग हातानेच मोडा, तुकडे वाकडेतिकडे चालतात. गटाला विकायची असेल, तर आधी अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. डबा घट्ट झाकणाचा, आणि चुलीपासून लांब.