नळाची वेळ

आमच्या नगरपालिकेवर मी प्रथम निवडून गेलो, तेव्हा न्याय म्हणजे काय याविषयी माझ्या मनात मुळीच संदेह नव्हता. आपल्या मतदारांच्या गरजा आपण सभेत मांडावयाच्या आणि साधेल तेवढे त्यांच्या पदरात घालावयाचे. प्रत्येक सदस्याने एवढे केले की अवघ्या गावाला आपोआप न्याय मिळतो, अशी माझी सरळ समजूत होती. श्रोतेहो, ही समजूत जेमतेम पाच महिने टिकली.

माझ्या प्रभागात पहाटे दीड तास पाणी येत असे. ते दोन तास यावे म्हणून मी खटपट केली आणि ती सफल झाली. त्यासाठी सभेत ठराव करावा लागला नाही. एक अर्ज, पाणीपुरवठा खात्यात दोन खेपा आणि थोडे गोड बोलणे, एवढ्यावर काम भागले. लोकांनी मला हार घातला, आणि तो घालून घेताना मला यत्किंचितही संकोच वाटला नाही, हेही सांगून टाकतो.

पुढे एके दिवशी टेकडीवरच्या वस्तीतील एक बाई माझ्या दारी आल्या. त्या माझ्या मतदार नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडं पाणी वाढलं ना, त्या आठवड्यापासून आमच्या नळाला नुसता वारा येतोय." मी त्यांना त्यांच्या प्रभागाच्या सदस्यांकडे जाण्यास सांगितले. रीतीला धरून पाहिले तर उत्तर चुकीचे नव्हते. पण बाई उलट काही न बोलता गेल्या, आणि ते न बोलणे मला दिवसभर पुरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता मी पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याबरोबर फिरलो. सदस्य होऊन पाच महिने झाले होते; पण पाणी गावात येते कसे, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. उंचावरच्या एकाच टाकीतून दोन वाहिन्या निघतात. एक सखल भागात, म्हणजे माझ्या प्रभागात उतरते; दुसरी लांबवर जाऊन टेकडीच्या अंगाने चढते. सखल भागाची चावी उघडी असेतो चढावाच्या वाहिनीला दाब मिळत नाही. म्हणून टेकडीची पाळी मागाहून येते, आणि तोवर टाकी तळाला गेलेली असते. शिवाय वाटेतली काही घरे थेट वाहिनीलाच मोटर लावून पाणी ओढतात. मी चावीवाल्याला विचारले, "मग माझा अर्धा तास आला कुठून?" तो म्हणाला, "साहेब, टाकी तेवढीच हाय."

कार्यालयाच्या दप्तरात मात्र सारे ठीक होते. शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी असावे, असे आपल्या देशात मान्य झालेले मान आहे. एकूण पाण्याला एकूण लोकसंख्येने भागले की आमचे गाव त्या मानाच्या बरेच जवळ येई. ही सरासरी पत्करूनच आम्ही सारे स्वस्थ बसलो होतो. नगरपालिकेत अन्याय करण्यासाठी कोणी वाईट ठराव मांडीत नाही; ठराव बहुधा निर्दोषच असतात.

या संदर्भात महाडचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले. ठराव झाला, कागद झाला. तळ्याच्या पायऱ्या मात्र होत्या तशाच राहिल्या. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह त्या पायऱ्या उतरून पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या कागदाला अर्थ आला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव परत घेतला! पुढे १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल लागेपर्यंत हा लढा चालला. महाडचा अन्याय आणि आमच्या गावचा अर्धा तास यांची तुलना करण्याचे धाडस मी करीत नाही. परंतु सभागृहातील ठराव आणि पाण्याचा काठ यांत केवढे अंतर असू शकते, हे मला समजले ते त्या इतिहासामुळे.

मी सभेत सूचना मांडली, की प्रत्येक भागाच्या पाण्याच्या वेळा चौकाचौकांत फलकावर लिहाव्यात आणि सभेत चर्चा झाल्यावाचून त्या बदलू नयेत. टेकडीच्या सदस्या राखीव जागेवरून निवडून आलेल्या होत्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत, म्हणूनच त्या सभागृहात येऊ शकल्या. हेच गाऱ्हाणे त्या पहिल्या सभेपासून सांगत होत्या; मीच ते कधी कान देऊन ऐकले नव्हते. सूचनेच्या बाजूने चार हात वर झाले. एक वडीलधारे सदस्य मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, वेळा भिंतीवर लागल्या तर लोकांनी आपल्याकडे यावे तरी कशाला?" इतके प्रामाणिक भाषण मी त्या सभागृहात पुन्हा ऐकले नाही.

लोकप्रतिनिधींची ही अशी गत, तर मग निवडणुका हव्यात कशाला, असेही कोणी म्हणेल. १९९३ साली अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षे ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असा दंडक घातला. तरीही २०२२ नंतर मुंबई-पुण्यासकट महाराष्ट्रातील अनेक शहरे तीन-तीन वर्षे प्रशासकांच्या हाती होती. त्या काळात कामे भराभर झाली, असे सांगणारे मला भेटतात. काही झालीही असतील. पण टेकडीवरच्या बाई त्या काळात कोणाच्या दारी गेल्या असत्या? मी त्यांना चुकीची वाट दाखविली हे खरे. परंतु ठोठावण्यास दार तरी होते.

फलक अखेर दुसऱ्या वर्षी लागले. माझ्या प्रभागाचा तो अर्धा तास गेला. पुढच्या निवडणुकीत माझ्याच गल्लीतील मतदान केंद्रावर मी मागे पडलो. इतर केंद्रांनी सावरले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "पाणी टेकडीला दिलेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण देण्यापूर्वी आम्हाला विचारलेत का?"

मी विचारले नव्हते. आता वेळा बदलावयाच्या असल्या म्हणजे दोन्ही वस्त्यांची सभा टेकडीच्या पायथ्याच्या शाळेत भरते. सभा लांबते, आवाज चढतात, एकदोघे उठूनही जातात. चावीवाल्याला मी आवर्जून बोलावतो आणि पुढच्या बाकावर बसवितो; टाकीत किती पाणी आहे, हे प्रथम त्याने सांगावयाचे असते.