जुनी चाल, नवा ठेका



दिवाळीनंतर वडशाहून झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या गावोगाव निघतात. दिवसा शंकरपट, रात्रभर नाटक. नाट्यपदाची जुनी वळणे आणि सिनेमाचा नवा ठेका तिथे शेजारी नांदतात. शहरातले रसिक याला भेसळ म्हणतात. म्हणोत बापडे! किर्लोस्करांच्या १८८२च्या ‘सौभद्रा’तही साकी-दिंडीसोबत कानडी चाली होत्याच की. दिवसभर धान कापून वाकलेला मजूर पहाटे तीनलाही ताठ बसून ऐकतो. चाल ओळखीची, ठेका ताजा. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, आनंदच आहे. पण होळीनंतर ढोलकी वाजवणारे कित्येक हात तेंदूपत्ता तोडायला जातात. त्यांच्या रात्रीचा दर मंडळ्यांनी हंगामाआधी लेखी ठरवावा, एवढे माझे मागणे आहे.