बसऱ्याला गेलेली माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरचे कोणी विद्वान वक्ते येतात. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की मंडळातल्याच एका बाईने बोलायचे, आणि चिठ्ठी नेमकी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापड, कुरडया आणि भिशीचा हिशेब यांवर मी तासभर बोलेन. पण विषय मी घेतला आहे लढाईचा, आणि तोही समुद्रावरून केलेल्या स्वारीचा. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. मग नगरच्या बाईला समुद्राचे काय पडले आहे, असे कोणी विचारील. तेच आज सांगायचे आहे.

माझे माहेर पारनेर तालुक्यातले. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. लहानपणी आम्ही मुली तिच्याखाली सागरगोटे खेळायचो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून २३ माणसे गेली आणि त्यांतल्या चौघांनी प्राण दिले, असे तिच्यावर कोरले आहे. नाव मात्र एकाचेही नाही. त्या चौघांत एक माझे पणजोबा. ते १०३ नंबरच्या मराठा पलटणीत शिपाई होते. घरात त्यांच्याविषयी एकच वाक्य ऐकू यायचे, "ते बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत." बसरा कोठे आहे, तिथे कोणाचे भांडण होते, हे मला लग्नानंतरही ठाऊक नव्हते. गेली दोन वर्षे मुलाने वाचनालयातून पुस्तके आणून दिली. दुपारची कामे आटोपली की मी थोडे थोडे वाचत गेले. समजले तेवढे सांगते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध पेटले. आज ज्याला आपण इराक म्हणतो, त्या मुलखावर तेव्हा तुर्कांचे राज्य होते. शेजारी इराणच्या हद्दीत अबादान बेटावर तेलाचा कारखाना होता. इंग्रजांचे आरमार कोळसा सोडून तेलावर चालू लागले होते, म्हणून त्याच वर्षी इंग्रज सरकारने त्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले होते. ते तेल राखायचे होते आणि त्यासाठी सैन्य पाठवायचे होते. ते सैन्य गेले आपल्याकडून. पुण्याची सहावी डिव्हिजन म्हणून फौज होती. तिच्यात तीन ब्रिगेडी होत्या. सोळावी पुण्याची, अठरावी बेळगावची, आणि मधली सतरावी आपल्या अहमदनगरची. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण त्या कागदांत नाव आहे ते अहमदनगरचे.

पहिली तुकडी ऑक्टोबरात मुंबईहून जहाजांनी निघाली. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, फाव नावाच्या ठिकाणी, ती उतरली. तिच्यात ११७ नंबरची मराठा पलटण होती. लढाऊ जहाजाने किनाऱ्यावरच्या तोफा बंद पाडल्या आणि माणसे होड्यांतून चिखलात उतरली. नोव्हेंबर सरायच्या आत बसरा हाती आले. मागोमाग डिसेंबरात नगरची ब्रिगेड पोचली. पणजोबा तिच्यात होते. माझे आजोबा तेव्हा काही महिन्यांचे होते.

इथवर वाचले तेव्हा मला वाटले, स्वारी तर सोपी झाली. पण भगिनींनो, परक्या किनाऱ्यावर उतरणे हे परगावी वऱ्हाड नेण्यासारखे आहे. वऱ्हाड पोचले म्हणजे लग्न पार पडले असे होत नाही. आणि इथे तर समोर व्याह्याचे घर नाही, विहीर नाही, वाण्याचे दुकान नाही. मिठाच्या खड्यापासून सगळे रोज मागून यायचे. बसऱ्याला तेव्हा मोठी जहाजे लागतील असा धक्का नव्हता. जहाजे नदीत उभी राहायची आणि माल लहान होड्यांत उतरवून काठावर आणायचा. पुढे रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही, फक्त टायग्रिस नदी. तिच्यावर चालणाऱ्या आगबोटी थोड्या. आणि वरच्या साहेबांची नजर तर बगदादवर. जून १९१५ मध्ये अमारा घेतले, सप्टेंबरअखेर कुट घेतले. सैन्य जितके पुढे जाई, तितकी चुलीपासून पंगत लांब पडत होती. वाढपी मात्र तेवढेच.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली. आपल्या बाजूची साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरांच्या गाड्यांतून आणि मग आगबोटींच्या उघड्या फळ्यांवर टाकून खाली आणले. बसऱ्याला मेजर कार्टर नावाचे इंग्रज डॉक्टर होते. त्यांनी त्या माणसांची स्थिती पाहिली आणि जशीच्या तशी लिहून वर कळवली. त्यावर त्यांनाच वरिष्ठांनी दम भरला. ते मागे हटले नाहीत, म्हणून आज आपल्याला ते कळते.

मागे हटलेले सैन्य ३ डिसेंबरला कुटला आले, आणि काही दिवसांत तुर्कांनी त्याला वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. त्यात आमची १०३ नंबरची पलटण होती, शिवाय ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या. वेढ्यातल्या जेवणाविषयी वाचताना मी पुस्तक दोनदा मिटून ठेवले. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारायला सुरुवात झाली. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घोड्याचे मांस खायला नकार दिला. इकडून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा पाठवल्या, तरी कित्येकांनी एप्रिलपर्यंत तोंड लावले नाही. पिठाचा शिधा माणशी पाच औंसांवर आणि मग त्याच्याही खाली आला. पाच औंस म्हणजे सुमारे १४० ग्रॅम, दीड-दोन भाकरी. दिवसाला. हिरवा पाला दिसेल तो खुडून शिजवत. गोऱ्या सोल्जरांना आधी बेरीबेरी झाली, कारण त्यांचा पाव पांढऱ्या पिठाचा. पुढे नाइलाजाने कोंड्यासकट पीठ खावे लागले तेव्हा ती कमी झाली. आपल्या माणसांना झाला स्कर्व्ही. त्यात हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. आणि तो टाळायला लागते ताजी भाजी आणि लिंबू.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगते. पणजोबांचे शेवटचे पत्र आले ते मार्गशीर्षात. ते अर्थात महिना-दोन महिने आधी लिहिलेले होते. पणजीला वाचता येत नव्हते, गावच्या मास्तरांनी वाचून दाखवले. गाय व्याली का, पोरगं चालायला लागलं का, असे विचारले होते. आणि लिहिले होते, इथे पीठ मिळते पण तोंडाला चव नाही, लिंबाचे लोणचे पाठवता आले तर पाहा. पणजीने शेजारच्या मळ्यातून लिंबे आणून बरणीभर लोणचे घातले. ते मुरेपर्यंत कुटच्या वाटा बंद झाल्या होत्या. लोणचे गेलेच नाही. मुरलेल्या लोणच्यात ताज्या लिंबाइतका गुण राहत नाही, हे मलाही कळते. पण मागणारा चवीसाठी मागत नव्हता, त्याचे शरीर मागत होते, असे मला पुस्तक वाचताना वाटले. पणजीला हे कधी कळले नाही ते बरेच झाले.

कुटच्या माणसांना सोडवायला बसऱ्याहून जे सैन्य आले, त्यात २३ हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. विमानांतून पोती टाकली, तीही पुरेनात. २४ एप्रिलला २७० टन शिधा भरून जुलनार नावाची आगबोट रात्री निघाली, तीही तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिल १९१६ ला कुट पडले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. उपाशी माणसांना वाळवंटातून चालवत नेले आणि डोंगरात रेल्वेच्या कामाला लावले. त्यातले हजारो परतले नाहीत. त्याच सुमारास आपल्या नगरच्या छावणीत जर्मन लोक कैदेत ठेवलेले होते. त्यांचीही कोणीतरी बाई कोठेतरी वाट पाहत असेलच.

इंग्लंडात चौकशी बसली. १९१७ साली अहवाल निघाला, भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ रोजी दोस्तांनी फ्रान्सच्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर स्वारी केली. पहिल्याच दिवशी दीड लाखावर माणसे उतरली. पण या वेळी त्यांनी काँक्रीटचे बंदरच तुकड्या-तुकड्यांनी समुद्रातून ओढून बरोबर नेले. त्याच दिवसांत आपल्या किल्ल्यात सरदार पटेल, मौलाना आझाद स्थानबद्ध होते आणि पंडित नेहरू 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते. म्हणजे धक्का आधी आणि पंगत मग, हे शहाणपण पुढे आले. ते येण्यासाठी कुटच्या माणसांनी किंमत मोजली होती.

आणि घरी काय झाले? पणजोबा मेले असा पक्का निरोप कधी आला नाही. १९१९ साली पलीकडच्या गावचा एक जण परत आला. तो म्हणाला, बगदादपर्यंत बरोबर होते, पुढे दिसले नाहीत. एवढ्यावर पणजीने कुंकू पुसावे की ठेवावे? सासूने सांगितले, पूस. पणजी म्हणाली, दिसले नाहीत म्हणजे मेले नाहीत. तिने कुंकू मरेपर्यंत लावले. गावाने मात्र तिला हळदीकुंकवाला बोलावणे बंद केले. सवाष्ण म्हणून नाही, आणि विधवा म्हणूनही तिची कोणी विचारपूस करीना. तीसेक वर्षे ती अशी मधेच राहिली. ज्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवून बगदाद म्हटले, त्यांच्या हिशेबात ही बाई कोठेच नव्हती.

बसऱ्याजवळ एक मोठे स्मारक आहे. ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा ४० हजारांवर लोकांसाठी ते उभारले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली. आपल्या साध्या शिपायांची नावे कोरली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा लिहिला. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली. वाचले आणि आमच्या चावडीची पाटी डोळ्यांपुढे आली. तिथेही आकडाच! दुसऱ्या महायुद्धात आपल्याच जिल्ह्यातल्या निमज गावच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, आणि असावेच. पण पदक न मिळालेल्यालाही नाव असते.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींची माहेरे पारनेर, श्रीगोंदे, संगमनेर भागातली आहेत. यंदा दिवाळीला माहेरी जाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्यातले कोण लढाईला गेले होते. जुनी पदके, कागद, पत्रे ट्रंकेच्या तळाशी असतील, ती रद्दीत जाऊ देऊ नका. गावात पाटी असेल तर तिच्यावरचा आकडा लिहून आणा आणि आकड्यामागची जितकी नावे सापडतील तितकी आणा. पुढच्या स्मरणिकेत आपण ती छापू. आणि शिपायाच्या नावाशेजारी, त्याच्या मागे जिने घर चालवले त्या बाईचेही नाव लिहू. खर्चाची काळजी नको, त्या पानासाठी माझ्या पापडांचे पैसे मी देईन.

पणजीची ती चिनी मातीची बरणी अजून माझ्याकडे आहे. झाकण फुटले आहे, फडके बांधून वापरते. उद्या कोणी घरी आलात तर त्यातले लोणचे वाढीन.