वाळवंटातील तांत्रिक काम : यंत्राची निगा आणि माणसाची निगा



१९७३ साली खनिज तेलाच्या किमती वाढल्यानंतर आखाती देशांत बांधकामाला विलक्षण वेग आला. भूमापक, जोडारी, वेल्डर, विद्युत तंत्रज्ञ अशा कुशल हातांना तेथे मागणी निर्माण झाली. महाराष्ट्रातून, विशेषतः मुंबई आणि रत्नागिरी परिसरातून, अनेक तरुण तेथे गेले व आजही जात आहेत. या कामाचे स्वरूप ते जाण्यापूर्वीच त्यांना समजावून देणे अगत्याचे आहे. त्यासाठी कतार या देशाचे उदाहरण उपयुक्त ठरेल.

कतारमध्ये उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवलाचे नाही. अशा उष्म्यात मोजमापेही बदलतात. २० अंशांना प्रमाणित केलेली ३० मीटर लांबीची पोलादी फीत ५० अंशांपर्यंत तापली, तर ती सुमारे १० मिलिमीटरने वाढते. एक किलोमीटर अंतरात ही तफावत ३५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. प्रकाशलहरींनी अंतर मोजणाऱ्या आधुनिक यंत्रातही हवेचे तापमान लक्षात घेऊन दुरुस्ती करावीच लागते. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतून पट्टीवरील आकडे स्थिर दिसत नाहीत. म्हणून पातळी घेण्याचे काम सकाळी लवकर उरकतात. काँक्रीट लवकर आवळू नये व त्याला तडे जाऊ नयेत, यासाठी मिश्रणात थंड पाणी किंवा बर्फ घालतात आणि मोठे ओतकाम रात्री करतात.

शरीराची मर्यादा

साहित्याची एवढी निगा राखली जाते, तेथे ते हाताळणाऱ्या माणसाची निगा त्याहून अधिक राखली गेली पाहिजे. घाम वाळताना शरीर थंड होते. परंतु समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसताच वाहतो. त्यामुळे तापमापकावरील आकडा कमी असूनही धोका अधिक असू शकतो. नव्या माणसाच्या शरीराला उष्म्याची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्साच उन्हात करावा व पुढे रोज तेवढीच वाढ करावी, असे तज्ज्ञ सुचवितात. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. बोलण्यात असंबद्धता आली किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी घालावे व वारा घालावा आणि वैद्यकीय मदत तत्काळ बोलवावी.

कायद्याचे संरक्षण

कतारने २०२१ साली या बाबतचे नियम अधिक कडक केले. त्यानुसार १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावरील कामास मनाई आहे. हवेची उष्णता, दमटपणा, वारा व उन्हाची धग यांचा एकत्रित निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेल्यास, वेळ कोणतीही असो, काम थांबविणे बंधनकारक आहे. परंतु नियम कामगाराला ठाऊक नसेल, तर मुदत गाठण्याच्या घाईत तो कागदावरच राहतो आणि त्याची किंमत कामगाराच्या प्रकृतीला मोजावी लागते.

गावाचे कर्तव्य

भारताच्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीस कतारमध्ये नोकरीस जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. अशा कामगारांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आवश्यक असून, अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास तीत १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. भरती करणारा दलाल नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीस जाणारा माणूस मात्र या संरक्षणास मुकतो.

पंचायत सदस्यांनी परदेशी निघालेल्या तरुणाचा करार त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा. शिक्षकांनी उष्माघाताची लक्षणे व कामाच्या वेळांचे नियम वर्गात सांगावेत. गावातून निघणाऱ्या कारागिराजवळ कौशल्य असतेच. त्याच्या जोडीला ही माहितीही असली, तर तो कमाईबरोबर धडधाकट शरीरही घेऊन घरी परतेल.