सांध्यावरची माणसे



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि रेल्वेच्या फलाटांवर झाले. विमानतळावरून मेट्रोने वेगवान आगगाडी कशी गाठावी, हा आजचा विषय मी वेगाच्या बाजूने न मांडता सांध्याच्या बाजूने मांडणार आहे. रेल्वेत रुळांचा सांधा बदलणाऱ्या कामगारास सांधेवाला म्हणत. गाडी इंजिनाच्या बळावर धावते. पण ती कोठे पोचणार, हे सांधा ठरवतो.

नागपूरचेच उदाहरण घेऊ. ११ डिसेंबर २०२२ रोजी तेथे बिलासपूरची वंदे भारत सुरू झाली आणि त्याच दिवशी मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पणही झाले. आता विमानाने उतरलेल्या माणसाने ही गाडी गाठायची कशी? विमानतळाच्या नावाचे मेट्रो स्थानक वर्धा रस्त्यावर आहे, विमानतळाच्या इमारतीला लागून नाही. हा पहिला सांधा. नारिंगी मार्गाने सीताबर्डीस यावे आणि तेथे गाडी बदलावी, हा दुसरा. अ‍ॅक्वा मार्गाने कॉटन मार्केट ओलांडून रेल्वे स्थानकाशी उतरावे आणि सामान घेऊन फलाट गाठावा, हा तिसरा. मेट्रोने गर्दीतून वाट काढून दिली, हे उपकार मी नाकारीत नाही. परंतु प्रवास दारापासून दारापर्यंत मोजावा लागतो, आणि वेळ जातो तो सांध्यांवर.

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध हमालाला सुनावणीसाठी परगावी न्यायचे होते. दिवस हाती नव्हता, म्हणून वर्गणी करून विमानाचे तिकीट काढले. त्या शहराचे नाव सांगत नाही. विमान वेळेवर, मेट्रो वेळेवर. फक्त स्थानकातली लिफ्ट बंद. ज्या गुडघ्यांनी आयुष्यभर पोती वाहिली, ते गुडघे जिन्यावर अडले. आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसत होता. विमानाने वाचवलेले तास एका जिन्याने खाल्ले.

सांधा नशिबाने जुळत नाही, तो आधी कागदावर आखावा लागतो. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळात १९९४ पासून वेगवान गाड्यांचे स्थानक आहे. आपल्या मुंबईतही ही दृष्टी दिसते. अहमदाबादपर्यंतच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर ताशी ३२० किलोमीटर वेगाची गाडी योजली असून तिचे मुंबईतले स्थानक वांद्रे-कुर्ला संकुलात भुयारी आहे. त्याच संकुलात मेट्रो तीन ऑक्टोबर २०२४ मध्ये पोचली, आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनले तिच्यावर आहेत.

आपण यवतमाळकर सांध्याचे मोल फार पूर्वीपासून जाणतो. आपली शकुंतला अडीच फुटी रुळांवरून मूर्तिजापुरास जाई. तेथे मोठे रूळ सुरू होत. अरुंद रुळांवरचा डबा मोठ्या रुळांवर चढत नाही. म्हणून मुंबईकडे जाणारा माल उतरवून पुन्हा भरावा लागे. नकाशावर त्या जागी एक ठिपका आहे. प्रत्यक्षात तेथे हमालाची पाठ होती. दोन रुळांमधला सांधा म्हणजे ती पाठ!

आजही तसेच आहे. सांधा नीट आखला नाही, तर त्याचा भार कोणाच्या तरी अंगावर पडतो: लेकरू कडेवर घेतलेल्या बाईच्या, म्हाताऱ्याच्या, चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या कंत्राटी पोराच्या. तो पोरगा रात्री शेवटची मेट्रो गेल्यावर घरी कसा जातो, हे आराखड्यात कोणी लिहिलेले असते काय?

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब गाडी सुरू झाली. ती वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची आहे. या मार्गावरील यवतमाळच्या स्थानकाविषयी बोलताना, गाडी किती वेगाने धावेल, एवढेच विचारून थांबू नका. स्थानकातून एसटी स्टँडवर कसे जायचे, जिना चढू न शकणाऱ्याने काय करायचे, हमालाला सावली आणि पाणी कोठे, हे आधी विचारा. आणि उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. कामगार चळवळीत मी शिकलो ते एवढेच, आणि तेच आपल्या हवाली करून मी रजा घेतो.