महावीराचार्यांची एक संख्या



‘सारे गणित आपल्या शास्त्रांत आहे’ असे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. पण घरी नातवाने ‘कोठे आहे, दाखवा’ म्हटले की आपण गप्प बसतो. म्हणून आज कागदावर दाखविता येईल अशी एकच संख्या मी आपणांपुढे ठेवतो : १२३४५६५४३२१. बाराशे चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस.

इ. स. ८५० च्या सुमारास दिगंबर आचार्य महावीर यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यातील गुणाकाराच्या उदाहरणांत ही संख्या येते. एकापासून सहापर्यंत चढणारी व पुन्हा क्रमाने उतरणारी, असे तिचे वर्णन आहे. शब्दांत दिलेले अंक उजवीकडून डावीकडे मांडण्याची तेव्हा प्रथा होती. ही संख्या मात्र कोणत्याही टोकाकडून वाचा, तीच! अशा देखण्या गुणाकारांना आचार्य कंठाभरणाची उपमा देतात.

उदाहरण आहे २७९९४६८१ × ४४१. दोन्ही संख्या दिसायला रूक्ष. परंतु ४४१ हा २१ चा वर्ग, तर २७९९४६८१ हा ५२९१ चा. आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे १११११１. अर्थात उत्तर हे सहा एकांचा वर्ग होय. १११११１ चे मूळ अवयव ३, ७, ११, १३ व ३७. पहिले दोन एका संख्येत, उरलेले तीन दुसरीत, असे ते विभागले गेले आहेत. शिष्याला उत्तराची चाहूल लागू नये, हाच हेतू असावा असे मला वाटते.

ग्रंथारंभी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाची स्तुती आहे. राष्ट्रकूट स्वतःस ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ते लत्तलूर म्हणजे आपले लातूर, असे अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधारलाही त्यांच्या काळाचे अवशेष आहेत. तरीही ग्रंथ लातुरात लिहिला गेला असे म्हणण्याचा मोह आवरावा. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, आजचे कर्नाटकातील मळखेड. आणि आचार्यांचे लंबवर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र चुकले आहे, हेही मुलांना सांगावे. त्याने त्यांची थोरवी उणावत नाही. उलट मुले आपल्यावर विश्वास ठेवतात.

हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रकाशित केला.

आज घरी गेल्यावर पाटीवर सहा एकांना सहा एकांनी गुणून पाहा. एकांच्या सहा ओळी पायरीपायरीने सरकतात आणि हातचा कोठेच येत नाही. नऊ एकांपर्यंत हा हार असाच वाढत जातो. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१.