घरातली सायकल कुणाची?

(साक्षरता वर्गातील भगिनींपुढे दिलेले भाषण)

भगिनींनो,

आज आपल्याला एका साध्या वस्तूविषयी बोलायचे आहे. तिला दोन चाके आहेत. तिला चारा लागत नाही, पेट्रोलही लागत नाही. काम झाले की ती भिंतीला टेकून निमूट उभी राहते. ओळखलंत ना? सायकल!

आता सांगा, तुमच्या घरी सायकल आहे का? पुष्कळ जणींच्या घरी असेल. मग पुढचा प्रश्न. ती कुणाची? घरधन्याची, नाही तर मुलाची. बाई तिच्यावरची धूळ पुसते, पण तिच्यावर बसत नाही. दळण आणायचे तर डोक्यावर. पाणी आणायचे तर कमरेवर. कामाला जायचे तर पायी. चाके दारात उभी आणि बाई रस्त्याने पायी! असे का, याचा आज जरा विचार करू.

आधी हिशेब मांडू. आकडे आता आपल्याला येतात. बाई तासाला चार किलोमीटर चालते असे धरा. सायकलीवर सावकाश गेली तरी ती तासाला बारा किलोमीटर जाते. शाळा पाच किलोमीटरवर असेल, तर पायी जायला सवा तास लागतो. सायकलीने पंचवीस मिनिटे लागतात. जाऊन येऊन रोज एक तास चाळीस मिनिटे वाचली. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर एक्केचाळीस तासांहून जास्त वेळ वाचला. हा वेळ कुणी उसना दिला नाही. तो आपलाच होता. रस्ता तो खाऊन टाकत होता.

आपल्या नागपूरचेच पाहा ना. महालातून धरमपेठेत घरकामाला जायचे म्हणजे चार-पाच किलोमीटर झाले. रोज ऑटोने जावे तर पगारातला वाटा ऑटोवाल्याकडे जातो. पायी जावे तर पहिल्या घरची भांडी घासण्याआधीच पाय दुखतात.

मोठ्या बाईचे पाय दुखतात, पण मुलीची तर शाळाच सुटते. गावातली शाळा सातवीला संपते. पुढची शाळा दूर. बापाला काळजी वाटते, आईला धास्ती वाटते. "कायले पाठवता पोरीले इतक्या दूर?" असे कुणीतरी म्हणते आणि पोरीचे दप्तर खुंटीला लागते. पोरगी हुशार असते. पुस्तकेही असतात. आड येतो तो मधला रस्ता.

बिहार राज्यात २००६ साली सरकारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी मोजणी केली. तेव्हा दिसले की, माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली सुमारे एक तृतीयांशाने वाढल्या. जिथे शाळा लांब होती, तिथे हा फरक जास्त दिसला. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळत आली आहे. २०२२ साली ही रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. आपला तालुका या योजनेत आहे का, ते शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, पोरींचे ठीक आहे. आमचे काय? आमचे तर केस पिकायला आले. "आता या वयात शिकून काय करू वं?"

तर ऐका. तामिळनाडूत पुदुक्कोट्टै नावाचा जिल्हा आहे. गरीब मुलूख. तिथे १९९१ साली साक्षरतेची मोठी चळवळ सुरू झाली. बाया तुमच्यासारख्याच पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या. शेतमजूर होत्या, दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या होत्या. शीला राणी चुंकत या बाई तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. त्यांच्या मनात आले की, बाईला अक्षर आले, पण तिला घराबाहेर पडता आले नाही, तर ते अक्षर किती दिवस टिकेल? म्हणून त्यांनी अक्षरांच्या जोडीला सायकल ठेवली. वर्ग चालवणाऱ्या मुली आधी शिकल्या. मग त्यांनी इतर बायांना शिकवले. बँकांनी सायकलीसाठी कर्ज दिले.

लोक हसले. काहींनी वाईट टोमणे मारले. तरी बाया हटल्या नाहीत. १९९२ साली महिला दिनानंतर दीड हजारांवर बाया हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत शहरातून गेल्या. हसणारे बघतच राहिले! थोड्याच काळात त्या एका जिल्ह्यात लाखावर बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली बाजारात पुरेनात. तेव्हा बायांनी दांडीच्या पुरुषी सायकली घेतल्या. त्यातही त्यांनी फायदाच पाहिला. दांडीवर लेकराला बसवता येते! पाणी, भाजीपाला, लेकरू असे सगळे एका फेरीत जाऊ लागले. बसची वाट पाहणे संपले. भावाने किंवा नवऱ्याने सोडून द्यावे, म्हणून ताटकळणेही संपले.

आता आपल्या मनातल्या शंका एकेक करून पाहू. त्या खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. काही खऱ्या आहेत, काही नुसत्या बागुलबुवा आहेत. दोन्ही वेगळ्या करू.

पहिली शंका : लोक काय म्हणतीन? लोक म्हणणारच. आजच्यासारखी दोन सारख्या चाकांची सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास निघाली. तिच्यावर तिकडच्या बायाही बसू लागल्या. तेव्हा तिथल्या काही डॉक्टरांनी सांगितले की, सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा वाकडा होतो! शिकलेली माणसे बरं का! पण कुणाचा चेहरा वाकडा झाला नाही. बाया सायकल चालवत राहिल्या आणि ते बोलणे आपोआप बंद पडले.

दुसरी शंका : मुलीच्या अंगाला अपाय होतो, पुढे मूल होत नाही, असे काही म्हातारी माणसे सांगतात. हे साफ खोटे आहे. सायकलीने मूल होण्यात अडचण येत नाही. आतल्या पडद्यावरून मुलीची पारख करणे तर मुळातच चूक आहे. तो पडदा धावताना, खेळतानाही ताणला जातो. डॉक्टरी शास्त्र त्याला कशाचाही पुरावा मानत नाही. पाळीच्या दिवसांतही सायकल चालवायला हरकत नाही. पोट दुखत असेल तर विश्रांती घ्या. पोटुशी बाईने मात्र डॉक्टरीणबाईला विचारावे, कारण पडण्याची भीती असते.

तिसरी शंका : साडीत कसे जमेल? नऊवारीला कासोटा असतो, तेव्हा दोन्ही पाय मोकळे राहतात. पाचवारी असेल तर पदर खोचा, निऱ्या थोड्या वर घ्या. पदर किंवा ओढणी मागे लोंबू देऊ नका. ती चाकात गुंतली तर गळ्याशी येते. चेनवर झाकण आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. दुकानदार मिस्त्री ती लावून देतो.

चौथी शंका : रस्त्यात कुणी त्रास दिला तर? ही शंका खरी आहे. कुणी मागे येतो, कुणी घाण बोलतो, कुणी गाडी अंगावर आणतो. मग घरचे म्हणतात, सायकल बंद कर. पण विचार करा. गुन्हा कुणी केला आणि शिक्षा कुणाला झाली? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ७८ व्या कलमाप्रमाणे बाईचा पाठलाग करणे हा गुन्हा आहे. तिची अब्रू घेणारे शब्द बोलणे, हावभाव करणे हा ७९ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. ११२ हा नंबर पाठ करा. तो पोलिसांच्या मदतीचा आहे. १८१ हा बायांच्या मदतीचा आहे. गाडीचा नंबर वाचता येतो ना आता? तो वाचा, लक्षात ठेवा, सांगा. शिकलेल्या अक्षराचा हाही उपयोग आहे. पहिले काही दिवस दोघी-तिघी मिळून निघा. आणि घरच्यांनो, पोरीने येऊन काही सांगितले तर तिच्यावर रागावू नका. रागावलात तर ती पुढच्या वेळी सांगणार नाही.

पाचवी शंका : "मले भेव वाटते. पडली त लोक हासतीन." सायकल शिकताना कोण पडले नाही? युक्ती सोपी आहे. सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला पुरतील. आधी पायडल मारूच नका. पायाने जमीन ढकलत पुढे जा. तोल साधू लागला की मग पायडल घ्या. नजर चाकावर नको, पुढे दूर ठेवा. शिकवणारीने हँडल धरू नये, मागून सीट धरावी. ब्रेक हळू दाबावेत, दोन्ही मिळून दाबावेत. रोज अर्धा तास मैदानावर गेलात, तर काही दिवसांत तोल येतो. मग सीट वर घ्या. पायडल खाली गेले की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. नाही तर गुडघे दुखतात. बाईला रुंद सीट बरी पडते.

आता नागपूरच्या रस्त्याविषयी दोन शब्द. आपले शहर बरेचसे सपाट आहे. सीताबर्डीचा किल्ला आणि सेमिनरी हिल्स सोडले तर मोठा चढ नाही. केंद्र सरकारने २०२० साली शहरांसाठी सायकलीची एक स्पर्धा सुरू केली. तीत निवडलेल्या अकरा शहरांत नागपूरचे नाव आले. पण नाव आले म्हणून रस्ता आपोआप सुरक्षित होत नाही. सिमेंटच्या रस्त्याची कड उंच असते. तिच्यावरून चाक घसरले की सायकल उलटते. म्हणून कडेपासून हातभर आत चालवा. उभ्या मोटारीजवळून जाताना जपा, कुणी दार उघडेल. ट्रकच्या डाव्या बाजूला कधी शिरू नका, चालकाला तुम्ही दिसत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, खाली खड्डा असतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर निघा. डोके बांधा, पाणी जवळ ठेवा. अंधारात पुढे दिवा आणि मागे चमकणारी लाल पट्टी हवी. आपल्या वस्तीत रस्त्याचे दिवे बंद असतील, तर दहा जणींच्या सहीचा अर्ज महापालिकेला द्या. सही आता येते. अंगठा लावायचे दिवस गेले.

वेदांगी कुलकर्णी या महाराष्ट्राच्या मुलीने २०१८ साली सायकलीवरून जगाची फेरी केली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. १५९ दिवसांत तिने सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली. वाटेत चोरांनी तिला चाकू दाखवून लुटले. ती थोडी थांबली, सावरली आणि पुन्हा निघाली. आपल्याला जगाची फेरी करायची नाही. आपल्याला बाजारात, कामावर, दवाखान्यात आणि या वर्गाला यायचे आहे. पण भीती असूनही पुढे जाता येते, एवढे तिच्याकडून घेऊ.

शेवटचे बोलणे घरधन्यांशी. दादांनो, तुम्ही फटफटी घेतली की जुनी सायकल भंगारवाल्याला देता. देऊ नका. तिला तेल घाला, टायर-ट्यूब बदला, सीट खाली करा आणि घरात सांगा, "ही आता तुझी." यात तुमचे काही जात नाही. उलट, रात्री लेकरू तापले आणि तुम्ही पाळीला गेलेले असलात, तरी दवाखाना गाठणारे दुसरे माणूस घरात तयार होते.

घरी जुनी सायकल नसेल, तर बचत गटात विषय काढा. एकीला एकदम झेपत नसेल, तर चौघी मिळून एक घ्या. एक शिकली की तिने दुसरीला शिकवावे. आणि सायकल आली की तिची चावी बाईच्या कमरेला असू द्या. चावी दुसऱ्याच्या खिशात राहिली, तर रोज मागावी लागेल. मागून मिळणारी वस्तू आपली नसते.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. पाटीवर लिहा : मी रोज किती किलोमीटर चालते? त्यात किती वेळ जातो? ऑटोला महिन्याचे किती पैसे जातात? बेरीज करा. मग ती बेरीज घरात सगळ्यांना वाचून दाखवा आणि विचारा, "आपल्या घरातली सायकल कुणाची?"

उत्तर काय मिळाले, ते पुढच्या वर्गात सांगा.